फळ्यावर आज काही नाही

१२ फेब्रुवारी

सुनंदाचं म्हणणं असं की रिटायर झालेला माणूस डायरी लिहायला बसला म्हणजे घरात त्याचं ऐकणारं कोणी उरलेलं नाही. असेलही. बँकेत उभी हयात दुसऱ्यांच्या धंद्याचे कागद तपासण्यात गेली, आता स्वतःचा धंदा आहे तर त्याची काही नोंद राहावी, एवढाच माझा हेतू.

धंदा म्हणजे ज्योतिर्लिंगाच्या या गावातलं, नानाखेडा भागातलं आमचं घर. वरच्या मजल्यावरच्या चार खोल्या आम्ही यात्रेकरूंना देतो. महाराष्ट्रातली मंडळी बस स्टँडवर उतरतात तेव्हा प्रवासाने आंबलेली असतात, हिंदीत घासाघीस करायचं त्राण नसतं. आमच्याकडे मराठी बोलणारे यजमान भेटतात आणि सुनंदाच्या हातचा वरण-भात मिळतो. माझ्या प्रॉव्हिडंट फंडाचा मोठा हिस्सा वरच्या नव्या बाथरूममध्ये गेला. सुनंदा त्या बाथरूमला 'तुमचा फंड' म्हणते. 'तुमच्या फंडात नळ गळतोय' असं ती पाहुण्यांसमोर म्हणाली तेव्हा मला हसू आलं नाही.

इथल्या मराठी मंडळाच्या ऑफिसात सुविचारांसाठी एक जुना काळा फळा होता. तिथे आता चकचकीत बोर्ड लावलाय, म्हणून तो भंगारात निघाला होता. मी घरी आणला आणि जिन्यापाशी टांगला. रोज सकाळी त्यावर तीन गोष्टी लिहितो. काल दर्शनाला खरोखर किती वेळ लागला (हे परत आलेल्या पाहुण्यांना विचारून), इथून रिक्षाचं वाजवी भाडं किती, आणि कुठला रस्ता बंद आहे. शिवरात्र तोंडावर आहे, तेव्हा तिसरी ओळ लांबत चालली आहे.

१८ फेब्रुवारी

शिवरात्रीची गर्दी ओसरली. चारही खोल्या भरलेल्या होत्या, सुनंदाची कंबर धरली आणि माझा आवाज बसला.

चिपळूणच्या जयूताई आज गेल्या. शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या, सून अश्विनी बरोबर होती. रोज सकाळी जिना उतरून हात मागे बांधून फळ्यासमोर उभ्या राहायच्या. मला उगाचच शाळा तपासणीला आल्यासारखं वाटायचं. फळ्यावर सात तास वाचून त्या एक दिवस गेल्याच नाहीत, सुनंदाबरोबर बसून मटार सोलले. दुसऱ्या दिवशी तीन तास लिहिले होते, तेव्हा गेल्या आणि जेवायच्या वेळेला परत आल्या. जाताना म्हणाल्या, "खरं काय ते सांगितलं की माणूस आपली सोय आपण बघतो. मे महिन्यात परत येणार, या फळ्याच्या भरवशावर."

मला फार बरं वाटलं. बाजार म्हणतात तो हाच. गिऱ्हाइकाला खरी माहिती द्या, ते आपोआप परत येतं. सरकार नको, पुढारी नको, कुणाचा वशिला नको.

४ मार्च

मधुकर टॉवर चौकात भेटला. पोहे-जलेबी खाल्ली. हा माझा शाळेपासूनचा मित्र, कॉलेजात राज्यशास्त्र शिकवून रिटायर झाला, आणि अजून समोर वर्ग बसलाय अशा थाटात बोलतो. मंडळाच्या गणेशोत्सवात यंदा ज्येष्ठांचा वादविवाद ठेवलाय. विषय त्यानेच सुचवला: राजकीय स्वातंत्र्याशिवाय भांडवलशाही नांदू शकते. तो विरोधात बोलणार आणि मी बाजूने.

मी लगेच हो म्हटलं. ही बाजू मला मनापासून पटते. दुकानदाराला माल लागतो, गिऱ्हाईक लागतं, वीज लागते. भाषण करायची मुभा घेऊन तो काय लोणचं घालणार? चीनकडे बघा, सिंगापूरकडे बघा. मधुकर म्हणाला की तिथलं तू बाहेरून बघतोस. म्हटलं, तू कुठे आतून बघितलंयस? त्यावर त्याने माझ्या ताटलीतली जलेबी उचलली. मुद्दे संपले की हा असंच करतो.

तो म्हणत होता की बोलण्याची मोकळीक आणि विकण्याची मोकळीक एकाच घरात राहतात. वाक्य टाळ्या घेणारं आहे. माझी तयारी आतापासून सुरू.

२२ मार्च

भय्यासाहेब आले होते. नानाखेडा अतिथीगृह संघाचे अध्यक्ष. घराणं जुनं, पूर्वज दरबारात कुठल्याशा हुद्द्यावर होते, हे त्यांच्या बोलण्यात दर वेळी येतंच. माझ्याहून बरेच लहान, पण सगळे त्यांना साहेब म्हणतात म्हणून मीही म्हणतो. संघाचं सभासद होणं ऐच्छिक आहे. आमच्या भागात सभासद नसलेलं एकही घर मला माहीत नाही, ही गोष्ट वेगळी.

चहा घेतला, सुनंदाच्या चकल्यांची तारीफ केली, मग फळ्याकडे बोट केलं.

"काका, हे भाड्याचं मिटवून टाका ना. रिक्षावाले माझ्याकडे येऊन बोंब मारतात. आपल्याला काय करायचंय? आपण धंदा करायचा. फालतू बवाल कशाला?"

मी म्हटलं, वाजवी भाडं तर लिहिलंय, कुणाची बदनामी कुठे केली? ते हसून म्हणाले, बरोबरच आहे काका तुमचं, म्हणून तर आरामात सांगतोय. मग सिंहस्थाचा विषय निघाला. दोन वर्षांनी सिंहस्थ आहे, संघ आपल्या घरांची यादी करतोय, बाहेरगावच्या मोठ्या टूरवाल्यांना तीच यादी जाणार. आमचं नाव वरच आहे म्हणाले. फळ्याचा आणि यादीचा संबंध त्यांनी लावला नाही, तेव्हा मीही लावत नाही.

भाड्याची ओळ पुसली. विचार करता त्यांचं अगदीच चूक नव्हतं. रिक्षावाले रुसले तर स्टँडवरून पाहुणे आणणार कोण? धंद्यात जुळवून घ्यावं लागतं. हा व्यवहार झाला, याला राजकारण म्हणत नाहीत.

सुनंदा म्हणाली, "चकल्या मात्र चांगल्या चारल्या आपण." ती कुणाबद्दल बोलत होती ते विचारलं नाही.

१० एप्रिल

डोकं फिरलंय. संघाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सूचना आली की दर्शनाला किती वेळ लागतो ते कोणत्याही घराने लिहून लावू नये. वेळ वाचून यात्रेकरू मुक्काम कमी करतात, नकारात्मकता पसरते. खाली सगळ्यांनी हात जोडल्याची चित्रं टाकली. समोरच्या घरवाल्याने तर फुलं टाकली.

मी उत्तर लिहायला घेतलं. आमच्याकडे वेळ वाचून लोक मुक्काम वाढवतात, असं मला सांगायचं होतं. जयूताईंचं उदाहरण द्यायचं होतं. चांगलं मोठं उत्तर झालं, दोनदा वाचलं आणि खोडून टाकलं. तिथे आपणच एकटे कशाला शहाणपणा दाखवायचा? मग मीही हात जोडले.

दुपारी भय्यासाहेबांचा पुतण्या हर्षल आला. नम्र मुलगा आहे, पायाला हात लावतो. फळ्यावरची वेळ मी आधीच पुसलेली बघून म्हणाला, "थँक्यू काका, तुमच्याकडे यायची मला लाजच वाटत होती." जाताना फळ्याचा फोटो काढून घेऊन गेला. पुसलेल्या फळ्याचा फोटो काय करणार कोण जाणे.

११ एप्रिल

फळा रिकामा वाईट दिसतो. सुविचार लिहिला: 'प्रसन्न मन हीच खरी पूजा.' माझाच आहे. तिसरी ओळ, रस्त्यांची, अजून शाबूत आहे. ती कुणाला बोचायचं कारण नाही.

१४ एप्रिल

बोचली.

हर्षलचा फोन आला होता. आता फळ्यावर फक्त सुविचार.

सुनंदाला म्हटलं, जो पाहुणा विचारेल त्याला आपण तोंडी सगळं सांगायचं, तोंडाला कोणी बंदी केलेली नाही. बोलल्यावर मलाच ते पटलं. फळा काय, एक सोय होती. माहिती माझ्या डोक्यात आहे, ती काही पुसली गेली नाही. सुनंदा म्हणाली की मग तो फळा उतरवून तरी ठेवा. मी नको म्हटलं. भिंतीवर मागे डाग पडलाय, तो दिसेल.

२ मे

जयूताई आणि अश्विनी कबूल केल्याप्रमाणे आल्या. येताना सुनंदासाठी कोकम आणि माझ्यासाठी रंगीत खडूंचा डबा आणलाय. 'फळ्यासाठी' म्हणून हातात दिला. मी थँक्यू म्हटलं.

आज घरात पाच माणसं जास्त आहेत, शिवाय वर पाणी चढत नव्हतं, त्यामुळे धड बोलणं झालं नाही.

संध्याकाळी ग्रुपवर निरोप आला. उद्या कोणी मोठे पाहुणे येताहेत, सकाळपासून गावातले रस्ते बंद राहणार, रिक्षा आतपर्यंत जाणार नाहीत, रांगही मधेच थांबवतील. आपापल्या गाड्या आत घ्या. आणि खाली भय्यासाहेबांचं: 'यात्रेकरूंना सांगत बसू नये. बुकिंग रद्द होतात. कोणी अफवा पसरवल्यास संघ त्याला जबाबदार राहणार नाही.' रस्ता बंद असणं ही अफवा कशी, ते मला समजलेलं नाही. जबाबदार राहणार नाही म्हणजे काय, ते मात्र समजलं. सिंहस्थाची यादी अजून पक्की व्हायची आहे.

ठरवल्याप्रमाणे करायचं. विचारलं तर सांगायचं. सुविचार लिहिला: 'आजचा दिवस मंगल आहे.'

३ मे

पाहुण्यांची जेवणं उरकून लिहायला बसलोय.

मी दूध आणायला गेलो होतो. तेवढ्यात जयूताई आणि अश्विनी बाहेर पडल्या. ऊन चढायच्या आत परत यायचं म्हणून लवकर निघाल्या होत्या. मी आलो तेव्हा त्यांच्या खोलीला कुलूप. अश्विनीला फोन लावला, तो खोलीतच चार्जिंगला लावलेला होता, दाराआडून वाजताना ऐकू आला. स्कूटर काढली, पण पहिल्याच आडव्या बांबूपाशी पोलिसांनी मला परत फिरवलं.

रिक्षावाल्याने त्यांना बऱ्याच अलीकडे उतरवलं. पुढे चालत गेल्या. मधे दोन्हीकडून रस्ता अडवला आणि त्या गर्दीत अडकल्या, ना पुढे जाता येईना ना मागे. ऊन डोक्यावर आलं, बाटलीतलं पाणी संपलं. जयूताई चक्कर येऊन पडल्या. डाव्या मनगटाचं हाड मोडलं, कपाळाला टाके पडले. रस्ता मोकळा होईपर्यंत अश्विनी ओढणीची सावली धरून त्यांच्यापाशी बसून होती. लोकांनी पाणी दिलं, एका बाईने स्वतःची छत्री दिली.

आता दवाखान्यात आहेत. धोका नाही म्हणताहेत. सुनंदा तिथे आहे. मला तिने घरी पाठवलं, बाकीच्या पाहुण्यांचं जेवण बघायला.

४ मे

दवाखान्यात गेलो. हाताला प्लास्टर, कपाळाला पट्टी. मला वाटलं होतं त्या रागावतील. सगळी उत्तरं जुळवून गेलो होतो. अचानक झालं, आम्हालाही उशिरा कळलं, वगैरे.

जयूताईंनी मलाच धीर दिला. "तुम्ही नका हो मनाला लावून घेऊ. मी निघताना बघितलं होतं. फळ्यावर सुविचार सोडला तर काही लिहिलेलं नव्हतं, म्हटलं, म्हणजे आज सगळं ठीक असेल."

जुळवलेलं एकही उत्तर उपयोगी पडलं नाही. त्यांनी विचारलं नाही, कारण त्यांच्या दृष्टीने त्यांनी विचारलं होतं. हात मागे बांधून रोजच्यासारखं फळ्यालाच विचारलं होतं. रिकाम्या फळ्याने आज रस्ता मोकळा आहे असं सांगितलं, आणि तो फळा माझा होता.

मी त्यांना खरं सांगितलं नाही. पाण्याची बाटली भरून आणतो म्हणून बाहेर गेलो.

५ मे

सुनंदा रात्रभर दवाखान्यात राहून आली. अंघोळ करून थेट ओट्यापाशी गेली. मी म्हटलं, माझी चूक एवढीच की मी दूध आणायला गेलो. ती कणीक मळत होती, थांबली नाही.

"मला ठाऊक होतं रस्ते बंद आहेत. मीही नाही बोलले. मला वाटलं, तुम्ही ठरवलंय तर काही विचार केला असेल."

इतक्या वर्षांत माझ्या विचारावर तिने ठेवलेला हा पहिला भरवसा असावा. नेमका याच वेळी.

२० जून

जयूताई चिपळूणला पोचून महिना झाला. अश्विनीचा मेसेज येतो, हात सुधारतोय. खोलीचे पैसे घ्यायला मी नकार दिला, तर त्यांनी आंब्यांची पेटी पाठवली. आंबे गोड आहेत आणि मला एकही गिळवत नाही.

भय्यासाहेबही तेव्हा दवाखान्यात जाऊन आले होते, फळं घेऊन. ग्रुपवर फोटो टाकला होता, 'संघ सदैव अतिथींच्या पाठीशी.' खाली हात जोडलेले. मी जोडले नाहीत, हा माझा पराक्रम. कुणाच्या लक्षातही आला नाही.

राग येतो आणि तो कुणावर काढावा ते समजत नाही. भय्यासाहेबांनी मला काय केलं? धमकी दिली नाही, दंड केला नाही, घरात गुंड पाठवले नाहीत. चहा प्यायले, चकल्या खाल्ल्या. पोलिसात जायचं तर सांगणार काय? साहेब, मी स्वतःच्या हाताने स्वतःचा फळा पुसला, असं?

आज गळका नळ दुरुस्त करायला गेलो आणि चांगला चालणारा दुसरा बिघडवून ठेवला. सुनंदाने फंडाचं नाव काढलं नाही.

९ ऑगस्ट

श्रावणाची गर्दी. हर्षल आला, पाया पडला, पेढे दिले. नवा धंदा सुरू केलाय. दर्शनाला लागणारा वेळ, बंद रस्ते आणि ठरलेल्या भाड्यातली रिक्षा, तिन्ही गोष्टी मोबाइलवर. यात्रेकरूने पैसे भरायचे की माहिती हजर. संघातल्या प्रत्येक घरात जाहिरात लावायची आहे. टक्केवारी आपल्यालाही मिळणार.

 त्याच तीन गोष्टी, त्याच क्रमाने. म्हटलं, वेळ सांगितली की नकारात्मकता पसरते ना? त्याला त्यातलं काही खटकलं नाही. म्हणाला, "तसं नाही काका, कोणीपण काहीपण लिहिलं तर गडबड होते. आता सिस्टिममध्ये आलं ना."

आणि मग अगदी मनापासून, "सच्ची सांगू? आयडिया तुमच्या फळ्यावरूनच आली मला."

जाहिरात जिथे बसेल अशी भिंतीवर एकच जागा होती. फळ्याचा वरचा अर्धा भाग झाकला गेला. सुविचाराला खाली जेमतेम जागा उरली आहे.

पाहुणे खूश आहेत. पैसे भरतात, बघतात, वेळेवर निघतात. कुणी उन्हात पडत नाही. मला आनंद व्हायला हवा. दिवसभर स्वतःला तेच समजावतोय. माहिती मिळते आहे, धंदा चालतो आहे, माल आहे, गिऱ्हाईक आहे. मार्चमध्ये जलेबी खाताना मी म्हटलं होतं ते सगळं शब्दशः खरं होतंय, आणि मला फळ्यासकट ती जाहिरात खाली ओढावीशी वाटते. ओढली नाही. टक्केवारी सुरू झाली आहे.

१५ सप्टेंबर

वादविवाद परवावर आला. मुद्दे पुन्हा लिहून काढले. चीन आणि सिंगापूर आहेतच, पण मधे एक नवीन पान घातलंय. एका गावातलं एक घर, त्यातला एक फळा, फळ्याचं पुढे काय झालं. नाव कुणाचंच नाही. बाजू माझीच राहते, म्हणजे भांडवलशाही नांदते, मोठ्या थाटात नांदते. फक्त ती कुणाच्या घरी नांदते आणि कुणाच्या जिवावर, हे लोकांना ऐकू द्यावं.

सुनंदाला वाचून दाखवलं. भाजी निवडायची थांबून ऐकलं. म्हणाली, हे तेवढं नीट वाचा, भरभर वाचू नका.

१७ सप्टेंबर

जिंकलो. शाल, श्रीफळ आणि ढाल. ढाल इतकी मोठी आहे की कुठे ठेवावी हा प्रश्न आहे.

मांडव गच्च भरला होता. पहिल्या रांगेत, मधल्या सोफ्यावर, भय्यासाहेब. यंदाचा मांडव त्यांच्याकडून आहे, हे मला तिथे गेल्यावर पाटी वाचून कळलं. मधुकर आधी बोलला आणि पडला. त्याच्याकडे मुद्दे फार असतात, माणसं जांभया देऊ लागली. मग मी उभा राहिलो. चीन झालं. माणसं हसत होती, मान डोलावत होती. मग ते पान आलं. भय्यासाहेबांनी माझ्याकडे बघून कौतुकाने स्मित केलं, एवढंच. मी दोन पानं एकदम उलटली आणि सिंगापूरवर गेलो.

टाळ्या खूप पडल्या. ढाल भय्यासाहेबांच्या हस्ते. कानात म्हणाले, "काका, छा गए."

नंतर प्रसादाच्या रांगेत मधुकर भेटला. मला वाटलं हरलाय म्हणून चिडवावं. तो म्हणाला, "मधलं पान उलटलंस. मी बघितलं. कोणी नको म्हटलं होतं?"

कोणीच नाही म्हटलं होतं. मी तसं त्याला सांगितलं.

"मग आज खरं म्हणजे मी जिंकलो," तो म्हणाला, आणि माझ्या द्रोणातला पेढा उचलला.  तो कसा काय जिंकला, ते मला अजून पटलेलं नाही. बाजार चालूच आहे की. त्याने मुद्दा नीट मांडायला हवा होता.

 घरी आल्यावर ढाल सुनंदाने वरच्या बाथरूममधल्या फळीवर नेऊन ठेवली. म्हणाली, फंडाशेजारी शोभेल.

२३ नोव्हेंबर

दिवाळीपासून चारही खोल्या भरलेल्या. संघाची यादी आली, आमचं नाव दुसरं आहे. टूरवाल्यांचे फोन येतात. अशी भरभराट मी बँकेत असताना दुसऱ्यांच्या कागदांवरच बघितली होती. सुनंदाने हाताखाली एक बाई ठेवली आहे. मी सकाळी लवकर उठतो, कारण सवय आहे, आणि मग जिन्यापाशी येऊन उभा राहतो. रंगीत खडूंचा डबा अजून फोडलेला नाही.

आज दुपारी जेवणं चालली होती. दोन पाहुणे आणि हिशेबाला आलेला हर्षल खाली टेबलावर बसले होते. तेवढ्यात जयूताईंचा फोन आला. आवाज ठणठणीत. हात बरा झाला, फक्त पोळी लाटताना दुखतो म्हणाल्या. पुढच्या महिन्यात बहिणीला घेऊन यायचं आहे. मी या म्हटलं, खोली राखून ठेवतो म्हटलं. 

त्या म्हणाल्या, "आणि हो, गर्दी कशी आहे सध्या? फळ्यावर काय लिहिलंय तेवढं वाचून दाखवा. त्या मोबाइलवरचं मला काही कळत नाही, माझा आपला फळाच बरा."

मी जिन्यापाशीच उभा होतो. समोर हर्षलची जाहिरात आणि खाली माझा सुविचार, 'समाधान हेच सुख.' मला सगळं माहीत होतं. कुठल्या दिवशी यायचं नाही, कुठला रस्ता खणून ठेवलाय, रिक्षाला किती द्यायचे. म्हटलं, जयूताई, फळ्यावर आज काही नाही. पण काही नाही म्हणजे सगळं ठीक आहे असं समजू नका. एक मिनिट थांबा, मी सांगतो.

फोन घेऊन स्वयंपाकघरात गेलो. सुनंदाने माझ्याकडे बघितलं आणि मिक्सर बंद केला. मी दार लावून घेतलं, कडी घातली, आणि एकेक करून सगळं सांगायला लागलो. माझ्याच घरात, माझ्याच ओट्यापाशी, भिंतीकडे तोंड करून.

जयूताई मधेच म्हणाल्या, "जरा मोठ्याने बोला हो, काही ऐकू येत नाही."

मी परत सांगितलं. त्यांना तरीही ऐकू आलं नाही. शेवटी सुनंदाने माझ्या हातातून फोन घेतला, दाराची कडी काढली, आणि बाहेर ऐकू जाईल अशा आवाजात सगळं पहिल्यापासून सांगितलं. मी ओट्याला टेकून तिथेच उभा राहिलो.